आईचं ग्रीन कार्ड, ताईचा अर्ज, धाकट्याचं लग्न: फॅमिली इमिग्रेशनबद्दल सल्ला हवा

कृष्णाकाठ
१४ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात माझा शपथविधी झाला, आता मी अमेरिकेची नागरिक आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते. नवरा आणि दोन मुलं. माहेर कऱ्हाडचं. बाबा गेल्यापासून आई कऱ्हाडच्या घरात एकटी असते, वय ६७. थोरली ताई नाशिकला, वय ४०, तिला १२ आणि ८ वर्षांच्या दोन मुली. धाकटा २७चा, पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे.

शपथ झाल्याचं कळल्यापासून घरात एकच विषय. आमच्या काकांचं म्हणणं, "आता तू सिटिझन झालीस, सगळ्यांचे कागद एकदम टाक." कुणीतरी धाकट्याला सांगितलंय की आधी आईचं कार्ड करा, मग आईच त्याला बोलावेल, ते लवकर होतं, फक्त तोवर लग्न करायचं नाही. तेव्हापासून तो आलेल्या स्थळांना उत्तरच देत नाहीये आणि आईला त्याचा घोर लागलाय. ताई काही बोलत नाही, पण मुलींच्या शिक्षणाचं तिच्या मनात आहे हे मला कळतं.

आईकडे दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. तिला त्यावर बोलावून इथेच कार्डाचा अर्ज करावा का? ताई आणि धाकट्याला खरंच किती वर्षं लागतील? आणि आईच्या मार्फत धाकट्याला आणण्याचा तो रस्ता खरा आहे का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. मला घरी सगळ्यांशी खरं बोलायचंय.

ह्यूस्टनचा_पाटील
१४ नोव्हेंबर

अभिनंदन! 'सगळ्यांचे एकदम' असं काही नसतं, हे काकांना आधी सांगा. आय-१३० हा अर्ज माणसागणिक वेगळा आणि प्रत्येक नात्याची रांग वेगळी.

आई तुमची 'इमिजिएट रिलेटिव्ह'. २१ वर्षांवरच्या नागरिकाने आईवडिलांसाठी केलेल्या अर्जाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, म्हणून रांगच नाही. कागद तपासायला जो वेळ लागतो तेवढाच. आमच्या ओळखीत वर्ष ते दोन वर्षांत कामं झाली आहेत. मात्र या प्रकारात अर्ज ज्याचा त्यालाच कार्ड मिळतं. आईच्या अर्जावर धाकटा येऊ शकत नाही, तो अगदी दहा वर्षांचा असता तरी आला नसता.

भावंडांचा प्रकार एफ-४. जगभरातून वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यातच नवरा-बायको आणि मुलं मोजायची. वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे भारताच्या वाट्याला साधारण साडेचार हजार. या महिन्याचं व्हिसा बुलेटिन (कुणाचा नंबर लागला ते सांगणारं अमेरिकी सरकारचं दरमहाचं पत्रक) उघडून बघा, भारताच्या एफ-४ मध्ये २००६ साली अर्ज केलेल्यांचा नंबर लागतोय. मेक्सिकोची तारीख तर २००१ मध्ये आहे. तुमचा अर्ज २०२५चा. वीस वर्षं धरून चाला, जास्तही लागतील.

मोहिनी_शार्लट
१४ नोव्हेंबर

पाटलांना अनुमोदन. एक भर घालते. वीस वर्षं म्हटल्यावर लोक अर्जच करत नाहीत, ते बरोबर नाही असं मला वाटतं. ऑनलाइन आय-१३० ची फी ६२५ डॉलर. तेवढ्यात रांगेतली तारीख नावावर लागते. भावंडांचा हा प्रकार १९६५च्या कायद्याने आताच्या रूपात आला आणि आपल्या कितीतरी मराठी घरांची अमेरिकेतली दुसरी फांदी त्यातूनच फुटली. माझे सासरे १९८०च्या दशकात त्यांच्या बहिणीमुळे आले. हा प्रकार बंद करायचे प्रयत्न झालेले आहेत. २०१३ मध्ये सिनेटने मंजूर केलेल्या विधेयकात भावंडांचा प्रकार काढून टाकायचा होता. प्रतिनिधीगृहाने ते विधेयक घेतलंच नाही म्हणून वाचला. २०१७ मध्ये पुन्हा तसाच प्रस्ताव आला. दार उघडं आहे तोवर ताईचा आणि भावाचा, दोघांचाही अर्ज करून टाका.

फाइल_क्रमांक
१५ नोव्हेंबर

मी एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात अनेक वर्षं फाइली तयार करते. हा कायदेशीर सल्ला समजू नका, रोज डोळ्यांपुढून जाणाऱ्या गोष्टी लिहिते आहे.

आधी आईंच्या व्हिजिटर व्हिसाबद्दल. 'बोलावून घ्या आणि इथेच अर्ज करा' हे सल्ले देणारे खूप भेटतील. पण विमानात बसतानाच इथे कायमचं राहायचं ठरलेलं असेल आणि विमानतळावर 'नातवंडांना भेटायला आलेय' असं सांगितलं, तर ती अधिकाऱ्याला दिलेली खोटी माहिती ठरते. त्याचे परिणाम आयुष्यभर पुरतात. आल्यावर पहिल्या ९० दिवसांत अर्ज झाला तर हेतूवर संशय घेतला जाऊ शकतो. शिवाय इथे अर्ज केल्यावर अॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हातात येईपर्यंत देश सोडता येत नाही, सोडला तर अर्ज निकाली. मधल्या काळात तिकडे कुणाचं काही बरंवाईट झालं तर आई इथे अडकतात. इथूनच कार्ड मागायच्या अर्जाची, आय-४८५ ची फी १,४४० डॉलर, तीही वेगळी. मुंबईच्या वकिलातीतून करणं स्वस्त आणि सरळ: आय-१३० चे ६२५, मग एनव्हीसीचे (नॅशनल व्हिसा सेंटर) ३२५ आणि १२०, व्हिसा मिळाल्यावर कार्डाचे २३५. म्हणजे १,३०५ डॉलर, मेडिकल आणि लसींचा खर्च वेगळा.

आय-८६४ वर (आईंच्या खर्चाच्या हमीचा फॉर्म) तुम्ही सही करणार, ते नीट वाचून करा. घरच्या माणसांच्या संख्येप्रमाणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. तुम्ही चौघं आणि आई मिळून पाच, तर २०२५च्या आकड्यांप्रमाणे साधारण ४७,००० डॉलर. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा जामीनदार चालतो. ही जबाबदारी आई नागरिक होईपर्यंत, त्यांच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या (दहा वर्षांचं काम) जमेपर्यंत किंवा त्या कार्ड सोडून कायमच्या परत जाईपर्यंत राहते. ६७व्या वर्षी आलेल्या माणसाच्या ४० तिमाह्या होत नसतात, हे लक्षात घ्या.

आता धाकट्याचा तो रस्ता. आहे, खोटा नाही. ग्रीन कार्डधारक आई आपल्या २१ वर्षांवरच्या अविवाहित मुलासाठी एफ-२बी मध्ये अर्ज करू शकते. तिथे सध्या २०१६चा नंबर चालू आहे. म्हणून एफ-४ पेक्षा तो निम्मा दिसतो. पण तारखा मांडून बघा. आईंचं कार्ड २०२७ मध्ये आलं आणि लगेच अर्ज केला, तर आजच्या वेगाने २०३६ उजाडेल. तोवर भाऊ ३८ वर्षांचा आणि अविवाहित. आई नागरिक होण्याआधी त्याने लग्न केलं तर अर्ज त्याच दिवशी आपोआप रद्द. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी प्रकारच नाही.

पळवाट म्हणून लोक सांगतात, आई पाच वर्षांनी नागरिक होईल, मग लग्न करू दे. तसं केलं तर अर्ज एफ-३ मध्ये (नागरिकाच्या विवाहित मुलांचा प्रकार) जातो, जुनी तारीख टिकते. पण एफ-३ मध्ये भारताचा नंबर २०११चा आहे. आणि नागरिक होण्यासाठी आईंना पाच वर्षांपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष इथे काढावे लागतील, सहा महिन्यांहून मोठी गैरहजेरी टाळावी लागेल आणि परीक्षा इंग्रजीतून द्यावी लागेल. वयामुळे इंग्रजीतून जी सूट मिळते ती ५५ वर्षं वयाला १५ वर्षांच्या कार्डावर किंवा ५० ला २० वर्षांच्या कार्डावर. नव्याने आलेल्या ६७ वर्षांच्या बाईंना ती लागू नाही.

तेजू_पुणे
१५ नोव्हेंबर

मी भारतातूनच लिहितेय, आणि जरा तळमळीने लिहितेय. आमच्या नात्यात हे घडलंय. आत्याला मुलीने नेलं, आत्याने धाकट्या मुलाचा अर्ज केला. तो माझ्याच वयाचा. चांगली नोकरी, चांगलं स्थळ सांगून आलेलं, दोघांची पसंती झालेली. 'अर्ज रद्द होईल' म्हणून त्या मुलीला थांबवलं. तिच्या घरच्यांनी किती थांबायचं? तिने दुसरीकडे लग्न केलं, आता तिची मुलगी शाळेत जाते. हा अजून बुलेटिन उघडून बघतो. आत्याला तिकडे करमत नाही, पण ती परतही येऊ शकत नाही, कारण तिचं कार्ड गेलं की मुलाचा अर्जही गेला. घरातली दोन माणसं एका कागदापायी अडकली आहेत.

कृष्णाकाठताई, धाकट्याला स्पष्ट सांगा. त्याला वाटत असेल घरचे सगळे त्याच रस्त्याने आशा लावून बसलेत. तुम्ही, म्हणजे ज्या अर्ज करणार, त्यांनीच सांगितलं की तो मोकळा होईल.

फाइल_क्रमांक
१५ नोव्हेंबर

तेजू, तुम्ही लिहिलंत ते मी ऑफिसात वारंवार बघते. आणि तुमच्या आत्यांच्या बाबतीतला मुद्दा अगदी खरा: अर्जदाराचं कार्ड टिकणं ही अर्जाची अट आहे.

भावाचा एफ-४ बहिणीने केला तर त्याच्या लग्नाचा काहीही संबंध येत नाही. उलट लग्न झालं तर बायको आणि मुलं त्याच अर्जावर येतात, त्यांच्यासाठी वेगळा आय-१३० लागत नाही. दोन्ही अर्ज समांतर चालू शकतात, एकामुळे दुसरा अडत नाही.

पाटील_सातारा_रोड
१५ नोव्हेंबर

भाऊ आयटीत आहे तर एच-१बी (नोकरीचा व्हिसा)?

ह्यूस्टनचा_पाटील
१५ नोव्हेंबर

सप्टेंबर २०२५च्या घोषणेनंतर बाहेर देशातून नव्याने भरल्या जाणाऱ्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलरचा भार आहे. हिंजवडीतली कंपनी तो उचलेल असं धरू नका. कंपनीचं इथे ऑफिस असेल तर एल-१, म्हणजे कंपनीतल्या बदलीच्या व्हिसाची चौकशी करायला हरकत नाही. तो खऱ्या अर्थाने त्याच्या कर्तृत्वाचा रस्ता होईल.

निवृत्त_मास्तर
१६ नोव्हेंबर

मी कोल्हापूरचा, वय ७४, माध्यमिक शाळेत शिकवत होतो. हा धागा मुलीने दाखवला. इथे कार्ड, तारखा, फी यांची माहिती उत्तम दिली आहे. पण ज्यांच्या नावाने हे सगळं चाललंय त्यांच्या बाजूने कुणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

मुलाने आम्हा दोघांची कार्डं केली. मुलगा आणि सूनबाई अतिशय प्रेमाचे, कसलीही उणीव ठेवली नाही. घर मोठं, वस्ती छान, पण पायी जाण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात मी पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातो, वाटेत चार माणसं थांबवून बोलतात, परत येताना भाजी घेऊन येतो. तिथे दुकानात जायचं तरी मुलाच्या सुटीची वाट बघायची. दिवसभर घरात आम्ही दोघं. नातवंडं शाळेतून यायची ती थकून, त्यांचं त्यांचं विश्व. नोव्हेंबर ते मार्च हिचे गुडघे इतके धरायचे की जिना चढणं नको व्हायचं. माझी पत्नी आयुष्यभर चार बायकांत वावरलेली, हळदीकुंकू, भिशी, भजनी मंडळ यांत रमणारी. तिथे ती अबोल झाली. ती काही म्हणाली नाही, कारण मुलाने एवढं केलंय तर कसं म्हणायचं. मलाही बराच काळ कळलं नाही.

शेवटी आम्ही मुलाजवळ बोललो. त्याला वाईट वाटलं, पण त्याने समजून घेतलं. आय-४०७ भरून आम्ही स्वखुशीने कार्डं परत केली. पुढे व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज केला, त्यात कार्ड परत दिल्याचं सरळ लिहिलं, व्हिसा मिळाला. आता दर उन्हाळ्यात तीन-चार महिने जातो. ते महिने फार आनंदाचे असतात, कारण परतीचं तिकीट हातात असतं.

कार्ड असून भारतातच राहायचं आणि वर्षातून एकदा तोंड दाखवायला जायचं, असं पुष्कळ जण करतात. तो नियम नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न होतात, वर्ष ओलांडलं तर कार्ड सोडल्याचंच धरतात. जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी तिथे असतानाच री-एंट्री परमिट काढावं लागतं, ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं.

म्हणून माझी कळकळीची विनंती. आईंना व्हिजिटर व्हिसावर एक पूर्ण हिवाळा बोलवा. मे-जूनमध्ये नको, सगळ्यांना उन्हाळ्यात अमेरिका आवडते. त्या तिथे डिसेंबर-जानेवारी काढू देत, तुम्ही दोघं कामाला गेल्यावर त्यांचा दिवस कसा जातो ते बघा. त्या परत कऱ्हाडला येऊ देत. आणि मग त्यांना विचारा, कार्ड हवं का. तुमच्या घरात बसून विचारू नका, त्या 'हो' म्हणतील.

फाइल_क्रमांक
१६ नोव्हेंबर

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसात वाचून दाखवणार आहे.

त्यातला क्रम महत्त्वाचा आहे, तो कायद्याच्या बाजूनेही बरोबर. आईंच्या नावाचा आय-१३० आधी भरून ठेवला आणि नंतर त्या व्हिजिटर व्हिसावर निघाल्या, तर विमानतळावर 'तुम्ही राहायलाच आलात का' हा प्रश्न येऊ शकतो. हिवाळा आधी, अर्ज नंतर. ताई आणि भावाच्या अर्जांना मात्र थांबायचं कारण नाही.

मोहिनी_शार्लट
१६ नोव्हेंबर

मास्तरांचा आदर ठेवून दुसरी बाजू सांगते. माझी आई ७०व्या वर्षी आली, सांगलीहून. तिला इथे नव्याने पालवी फुटली असंच म्हणेन. आमच्या गावातल्या सीनियर सेंटरला गुजराती, तेलुगू बायका येतात, तिचं मोडकंतोडकं हिंदी तिथेच सुधारलं. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत ती बालवर्गाला गोष्टी सांगते, मुलं तिला 'गोष्टवाली आजी' म्हणतात. सांगलीत ती वैधव्यानंतर घराबाहेर पडायची नाही, इथे तिला कुणी अडवत नाही. एडिसनचा परिसर तर आपल्या लोकांनी भरलेला, देऊळ, किराणा, सगळं जवळ. तेव्हा आईच्या स्वभावावर आणि तुम्ही कुठे राहता त्यावर खूप अवलंबून आहे. पण हिवाळा काढून बघायची सूचना मलाही पटली.

खातेवही
१६ नोव्हेंबर

फीपलीकडच्या पैशांचं कुणी काढलं नाही म्हणून थोडक्यात.

सगळ्यात मोठा प्रश्न आजारपणाचा. आईंनी अमेरिकेत काम केलेलं नाही, त्यामुळे कार्ड मिळाल्यावर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) विकतसुद्धा घेता येत नाही. तुमच्या कामाच्या तिमाह्या त्यांना चालत नाहीत. पाच वर्षांनी पूर्ण हप्ता भरायचा: २०२५चा दर भाग ए (हॉस्पिटल) साठी महिना ५१८ डॉलर, भाग बी (डॉक्टर) साठी १८५. तोवर मार्केटप्लेसवरचा (सरकारी विमा संकेतस्थळावरचा) विमा घेता येतो, त्यात सवलत मिळते की नाही ते घरच्या उत्पन्नावर, आणि २०२६ पासून सवलतीचे नियम बदलत आहेत. हा हिशेब अर्जाआधी नवऱ्याबरोबर बसून करा. हिवाळ्याच्या मुक्कामासाठी जो व्हिजिटर विमा घ्याल तो जुन्या आजारांना सहसा धरत नाही. बीपी, शुगर असेल तर औषधं तिकडूनच पुरतील इतकी आणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

कार्ड झालं की अमेरिकेत जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. कुटुंब निवृत्तिवेतन, एफडीचं व्याज, शेताचा खंड, सगळं. भारतातल्या सर्व खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती, भरावी लागते. भारताच्या बाजूने: बचत खातं एनआरओ (अनिवासींचं) करावं लागतं, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवीन खातं उघडता येत नाही, पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं पण वाढवता येत नाही. सातबाऱ्यावर आईंचं नाव असेल तर ती शेतजमीन त्यांच्याकडेच राहते, नवीन शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. आणि नोव्हेंबर चालू आहे, त्यांचा हयातीचा दाखला दिला का ते आजच विचारा!

टोरांटोची_सून
१७ नोव्हेंबर

धागा अमेरिकेचा आहे, तरी तुलनेसाठी. कॅनडात आईवडिलांच्या कायम वास्तव्यासाठी चिठ्ठी निघायची वाट बघावी लागते, अलीकडची निमंत्रणं २०२० साली नावं नोंदवलेल्यांमधूनच निघाली आहेत. पण सुपर व्हिसावर आईवडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, निदान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढून. राहायला पुरेसं आणि कार्डाची बेडी नाही. भावंडांना इथे सर्वसाधारणपणे स्पॉन्सर करता येत नाही. फक्त एक्स्प्रेस एंट्रीत (शिक्षण-कौशल्यावरच्या गुणांच्या पद्धतीत) भाऊ-बहीण कॅनडात असल्याचे १५ गुण मिळतात. अमेरिकेतला एफ-४ कितीही संथ असला तरी इतरत्र तसा प्रकार क्वचितच सापडतो.

कृष्णाकाठ
१७ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

ताईबद्दल विचारायचं राहिलं. तिच्या मुली आत्ता १२ आणि ८. वीस वर्षांनी त्या तिशीच्या आसपास असतील. त्यांचं काय? आणि माझा अर्ज असल्याने त्यांना पुढे शिकायला यायला अडचण येईल का?

फाइल_क्रमांक
१७ नोव्हेंबर

एफ-४ मध्ये ताई, मेहुणे आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं येतात. वयाच्या बाबतीत २००२चा बालक संरक्षण कायदा थोडा आधार देतो. यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) अर्ज मंजुरीविना जितका काळ पडून राहिला, तितका काळ नंबर लागल्याच्या दिवशीच्या मुलाच्या वयातून वजा होतो. समजा नंबर लागला तेव्हा मुलगा २४ वर्षांचा आणि अर्ज मंजूर व्हायला साडेचार वर्षं लागली होती, तर कायद्याने तो साडेएकोणीस. म्हणून एफ-४ अर्जाची मंजुरी लवकर यावी असं मुळीच वाटून घेऊ नका, तिथला उशीर मुलांच्या हिताचा.

पण तुमच्या भाच्यांना तो पुरेल असं धरू नका. थोरली बत्तीसची असेल, तिच्या वयातून दहा वर्षं वजा केली तरी जमत नाही; धाकटी अठ्ठावीसची, तिला सात वर्षांहून जास्त वजावट मिळाली तरच. ताईंना हे आत्ताच सांगा. हा अर्ज ताई आणि मेहुण्यांच्या साठीसाठी आहे, मुलींच्या शिक्षणासाठी नाही.

ताईंच्या व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्मवर 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केलाय का' असा प्रश्न असतो. उत्तर 'हो' आणि खरंच द्यायचं. नोकरी, घर, मुली तिकडे असल्यावर एवढ्या लांबच्या अर्जामुळे व्हिसा नाकारतीलच असं नाही, पण प्रश्न होतो. मुली एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर शिकायला निघाल्या तर परत जाण्याचा हेतू त्यांना त्यांच्या जोरावर दाखवावा लागेल.

अजून एक गोष्ट, बोलायला जड पण बोललीच पाहिजे. वीस वर्षांत अर्जदाराचं काही झालं तर अर्ज आपोआप रद्द होतो. मंजूर झालेला असेल तर मानवतेच्या आधारावर पुन्हा उभा करण्याची विनंती करता येते, देणं न देणं त्यांच्या हातात. मंजुरीचं पत्र घरात सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा.

कृष्णाकाठ
२० नोव्हेंबर

घरी बोलले. आधी धाकट्याशी, एकट्याशी. आईच्या मार्फतचा रस्ता मी घेणार नाही, आणि त्याचं कारण पैसे किंवा वेळ नसून तो आणि आई आहेत, हे त्याला सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटत होतं तुम्हा सगळ्यांना मी तिकडे यायला हवंय." रविवारी तो एक स्थळ बघायला साताऱ्याला जातोय. त्याचा एफ-४ मी भरतेय, लग्नाचा त्याला अडसर नाही हेही त्याला कळलंय.

ताईला मुलींचं सगळं खरं सांगितलं. तिला वाईट वाटलं. म्हणाली, "बरं झालं आत्ता कळलं, नाहीतर मी त्यावरच विसंबून राहिले असते." तिचाही अर्ज करायचाय.

आई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय, परतीचं तिकीट मार्चअखेरचं. तिने आधीच सांगितलंय की गुढीपाडव्याचं काय ते इथे करू, पण चैत्रातल्या यात्रेला ती गावी असणार. कार्डाचं आम्ही ती परत गेल्यावर बोलू, ताईच्या घरी, नाशिकला.

आता कागदांचा प्रश्न. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताईचा जन्म आजोळी खेड्यात झाला. ग्रामपंचायतीच्या नोंदीत तिचं नावच नाही, नुसतं 'मुलगी' आहे, आणि आईचं नाव माहेरचं. माझ्या आणि भावाच्या दाखल्यावर, जे कऱ्हाडचे आहेत, आईचं लग्नानंतर बदललेलं नाव. म्हणजे कागदावर दोन वेगळ्या बायका दिसतात. हे कसं जुळवायचं?

फाइल_क्रमांक
२० नोव्हेंबर

महाराष्ट्रातल्या फाइलींत ही अडचण वारंवार येते, घाबरू नका. भावंडांच्या अर्जात दोन्ही दाखल्यांवर तीच आई आहे एवढं सिद्ध करायचं असतं.

ताईंचा जन्म १९८५च्या आसपासचा, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा लागू झाल्यानंतरचा. नोंद आहे ही फार चांगली गोष्ट. आजोळच्या ग्रामपंचायतीत जाऊन आधी त्या नोंदीत ताईंचं नाव घालून घेण्यासाठी अर्ज करा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार. ग्रामसेवक नाव घालायला तयार नसतील तर तसं लेखी घ्या, आणि नाव नसलेल्या दाखल्याला शाळेचा दाखला जोडा.

आईंच्या दोन नावांसाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सगळ्यात भक्कम, त्यात लग्नाआधीचं नाव येतं. लग्न जुनं असेल आणि नोंद नसेल तर लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, आईंचा शाळेचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं. ती अशा माणसांची असावीत ज्यांना लग्नाआधीपासून आई माहीत आहेत: मामा, मावशी, आजोळचे शेजारी. मामांचं वय लक्षात घेऊन हे काम आधी उरका. प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं पूर्ण लिहायची, लग्नाची तारीख आणि गाव लिहायचं, आणि सांगणाऱ्याला हे कसं माहीत तेही लिहायचं. तेवढं एक वाक्य बहुतेक जण गाळतात आणि मग खुलाशाची नोटीस येते. राजपत्रात नावबदल आत्ता नव्याने करायची गरज नाही, जुना असेल तर जोडा.

मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे असं खाली लिहून सही करायची. नोटरीची गरज नाही. तुम्ही अर्जदार आहात, म्हणून भाषांतर स्वतः करू नका, मैत्रिणीकडून करून घ्या.

निवृत्त_मास्तर
२० नोव्हेंबर

भाषांतराचं काम मला द्या. शाळेचे दाखले लिहिण्यात आणि वाचण्यात आयुष्य गेलंय, जुन्या मोडक्या अक्षरातली नोंदही लागते. कागदांचे फोटो व्यनित (खाजगी निरोपात) पाठवा, मोबदला नको.